भाकरी मागायला आलेली गर्दी : युगोस्लाव्हिया, १९८१ ते १९९१

आज आपण अशा एका देशाबद्दल बोलणार आहोत जो आता नकाशावर नाही. युगोस्लाव्हिया. आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांना हे नाव शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे: नेहरू, नासर आणि तितो, अलिप्त राष्ट्रांची चळवळ, १९६१ ची बेलग्रेड परिषद. परीक्षेत प्रश्न यायचा, आपण उत्तर लिहायचो आणि विसरून जायचो. पुढे १९९१-९२ मध्ये टीव्हीवर त्याच देशातली जळणारी गावं दिसायला लागली, तेव्हा अनेकांना प्रश्न पडला की हे एवढ्यात कसं झालं?

सुरुवात आपण एका बुटांच्या कारखान्यापासून करू.

क्रोएशियाच्या पूर्व टोकाला डॅन्यूब नदीच्या काठी वुकोवार नावाचं शहर आहे. त्याला लागूनच बोरोवो. तिथे १९३१ साली बाटा कंपनीने कारखाना काढला. होय, तेच बाटा. ज्यांचे काळे बूट घालून आपल्यातले कित्येक जण शाळेत गेले, तेच. महायुद्धानंतर कारखाना समाजाच्या मालकीचा झाला, आणि ऐंशीच्या दशकात तिथे वीस हजारांच्या घरात माणसं काम करत होती. त्यात क्रोएट होते, सर्ब होते, हंगेरियन होते, रुथेनियनही होते. १९८८ च्या उन्हाळ्यात या कामगारांनी पगारासाठी काम बंद केलं. त्यातले काही हजार जण थेट बेलग्रेडला गेले आणि संघराज्याच्या संसदेच्या इमारतीत शिरले. हातात तितोंच्या तसबिरी होत्या, युगोस्लाव्हियाचे झेंडे होते. कोण सर्ब आणि कोण क्रोएट, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. मागणी सगळ्यांची एकच होती.

तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९९१ मध्ये, ८७ दिवसांच्या वेढ्यानंतर वुकोवार पडलं. शहरात धड छप्पर असलेलं घर शोधावं लागत होतं. १९८८ मध्ये एकत्र बेलग्रेडला गेलेल्या कारखान्यातली माणसं आता दोन बाजूंना होती.

या तीन वर्षांत काय झालं, हा आजचा प्रश्न आहे. त्याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. तिथे म्हणे शतकानुशतकांचं वैर होतं, तितोंनी ते दाबून ठेवलं होतं, ते गेले आणि झाकण उडालं. आम्हाला हे उत्तर अपुरं वाटतं. वैराच्या आठवणी होत्या, हे खरंच आहे. दुसऱ्या महायुद्धात याच भूमीवर भयानक कत्तली झाल्या होत्या, आणि ते पाहिलेली माणसं ऐंशीच्या दशकात हयात होती. पण त्याच देशात १९८१ च्या जनगणनेत सुमारे बारा लाख लोकांनी आपली ओळख ‘युगोस्लाव’ अशी नोंदवली. त्याच्या आधीच्या जनगणनेत हा आकडा तीन लाखांच्याही खाली होता. म्हणजे तितो गेल्यानंतरच्या वर्षी स्वतःला फक्त युगोस्लाव म्हणवणारे वाढले होते. तेव्हा वैर सदासर्वकाळ उकळतच होतं, असं म्हणता येत नाही. ते पेटवलं गेलं. आणि त्यासाठी जे इंधन वापरलं गेलं, ते बहुतांशी भाकरीचं होतं.

आधी घराची रचना पाहून घेऊ, नाहीतर पुढचं कळणार नाही.

युगोस्लाव्हियात सहा प्रजासत्ताकं होती: स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्झेगोव्हिना, सर्बिया, माँटेनेग्रो आणि मॅसेडोनिया. सर्बियाच्या पोटात दोन स्वायत्त प्रांत होते, उत्तरेला व्होय्वोदिना आणि दक्षिणेला कोसोवो. १९७४ च्या राज्यघटनेने प्रजासत्ताकांना खूप अधिकार दिले, आणि या दोन प्रांतांनाही जवळजवळ प्रजासत्ताकाइतकेच. ४ मे १९८० ला तितोंचं निधन झालं. त्यानंतर देशाच्या प्रमुखपदी एक व्यक्ती राहिली नाही. आठ जणांचं अध्यक्षमंडळ, प्रत्येक प्रजासत्ताकाचा आणि प्रत्येक प्रांताचा एकेक सदस्य, आणि दर वर्षी फिरतं अध्यक्षपद.

कागदावर ही रचना समजूतदार दिसते. कोणा एकाने दुसऱ्यावर कुरघोडी करू नये, हा तिचा हेतू होता. पण तिच्यात एक मोठी फट होती. या देशात तुम्ही स्लोव्हेनियाचे म्हणून बोलू शकत होतात, सर्बियाचे म्हणून बोलू शकत होतात, पण युगोस्लाव्हियाचा नागरिक म्हणून बोलायला दार नव्हतं. पक्षसुद्धा एक असूनही आतून आठ तुकड्यांत विभागलेला होता. प्रत्येक तुकडा आपापल्या प्रजासत्ताकाची बाजू मांडायचा. ही फट लक्षात ठेवा, कारण आपण पुन्हा पुन्हा तिच्यापाशी येणार आहोत.

आता पैशाचं पाहू. सत्तरच्या दशकात युगोस्लाव्हियाने परदेशातून भरपूर कर्ज काढलं. लोकांचं राहणीमान चांगलं होतं, माणसं सुट्टीला समुद्रावर जायची, जर्मनीत कामाला जायची, घरी मोटार आणायची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कर्ज वीस अब्ज डॉलरच्या आसपास गेलं आणि व्याजदर वाढले. मग आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आला, काटकसर आली. पेट्रोल वाचवायला एक दिवस सम नंबरच्या गाड्या, एक दिवस विषम नंबरच्या. कॉफी मिळेना, कपडे धुण्याची पावडर मिळेना, वीज जायला लागली. पगार दिनारमध्ये वाढत होता आणि बाजारात कमी होत होता. १९८७ मध्ये देशभरात दीड हजारांहून जास्त संप झाले.

इथे एक गंमत आहे, आणि ती नुसती गंमत नाही. या देशाचा अधिकृत सिद्धांत ‘स्वयंव्यवस्थापन’ होता. कारखाना कामगारांचा, तो चालवणार कामगारांचं मंडळ. मग कामगार संप कोणाविरुद्ध करणार? स्वतःविरुद्ध? म्हणून सरकारी भाषेत संपाला संप म्हणतच नव्हते, ‘काम थांबवणं’ म्हणायचे. आणि मालक नाही, भांडवलदार नाही, तर दोष कोणाचा? उत्तर तयार होतं: नोकरशहा. खुर्चीला चिकटलेला, गुबगुबीत साहेब. हा शत्रू कम्युनिस्ट सिद्धांतातही बसत होता आणि रांगेत उभ्या माणसाच्या अनुभवातही. फक्त एकच ठरायचं होतं, की हा साहेब नेमका कुठला.

आता कोसोवोकडे जाऊ. ११ मार्च १९८१. प्रिश्तिना विद्यापीठाच्या खानावळीत जेवणाच्या दर्जावरून विद्यार्थी बाहेर पडले. कोसोवो हा देशातला सगळ्यात गरीब भाग, बेकारी सगळ्यात जास्त, आणि विद्यापीठातून दर वर्षी हजारो तरुण बाहेर पडत होते ज्यांना नोकरी नव्हती. महिनाअखेरपर्यंत आंदोलन शहराशहरांत गेलं आणि खानावळ मागे पडली. घोषणा आली, ‘कोसोवो प्रजासत्ताक’. का? कारण कोसोवोतले तीन-चतुर्थांशाहून अधिक लोक अल्बेनियन होते, पण घटनेच्या भाषेत अल्बेनियन हे ‘राष्ट्र’ नव्हते, ‘राष्ट्रीयत्व’ होते, आणि प्रजासत्ताक फक्त राष्ट्राला मिळत असे. पुन्हा तीच फट. नोकरी आणि जेवण मागणाऱ्याला सांगायला एकच ठिकाण दिसत होतं, ते म्हणजे आपलं स्वतःचं प्रजासत्ताक. सरकारने लष्कर आणलं, आणीबाणी लावली, माणसं मेली, पुढची कित्येक वर्षं अल्बेनियन तरुणांवर खटले चालले.

त्याच कोसोवोत सर्ब अल्पसंख्य होते आणि त्यांचीही तक्रार होती. १९४८ मध्ये कोसोवोत दर चार माणसांमागे जवळजवळ एक सर्ब होता. १९८१ मध्ये प्रमाण १३ टक्क्यांवर आलं. काही लोक चांगल्या कामासाठी सर्बियात गेले, अल्बेनियन कुटुंबांत मुलं जास्त होती, आणि काही सर्ब कुटुंबं शेजाऱ्यांच्या दडपणामुळे, भीतीमुळे जमीन विकून गेली. ही तिन्ही कारणं खरी होती. पण बेलग्रेडच्या वर्तमानपत्रांत हळूहळू तिसरं तेवढंच उरलं. सप्टेंबर १९८६ मध्ये सर्बियाच्या विज्ञान व कला अकादमीतल्या विद्वानांनी लिहिलेल्या एका मसुद्याचे भाग वर्तमानपत्रात फुटले. सर्ब लोकांवर या संघराज्यात सतत अन्याय झाला, असा त्याचा सूर होता. इतके दिवस जे दबक्या आवाजात बोललं जायचं, त्याला अकादमीचा शिक्का मिळाला.

आता तो प्रसिद्ध दिवस. २४ एप्रिल १९८७, कोसोवो पोल्ये. सर्बियाच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख स्लोबोदान मिलोशेविच तिथल्या सर्बांचं गाऱ्हाणं ऐकायला आले. हे तोवर एक शिस्तीचे, थोडे रुक्ष पक्षनेते म्हणूनच माहीत होते. सभागृहाबाहेर गर्दी आणि पोलिसांची झटापट झाली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मिलोशेविच बाहेर आले आणि म्हणाले, ‘तुम्हाला मारायची कोणाची हिंमत होता कामा नये.’ एक वाक्य. बेलग्रेड दूरदर्शनने ते पुन्हा पुन्हा दाखवलं. पोलिसांवर टाकायचे दगड एका ट्रकमधून आधीच आणून ठेवले होते, हे पुढे आयोजकांपैकीच एकाने सांगितलं. तो ट्रक काही टीव्हीवर दिसला नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मिलोशेविच यांनी आपले जुने मित्र आणि आश्रयदाते इवान स्तांबोलिच यांना पक्षाच्या बैठकीत एकटं पाडलं, आणि डिसेंबरमध्ये स्तांबोलिच यांचं सर्बियाचं अध्यक्षपद गेलं. (तेरा वर्षांनी, २००० मध्ये, त्यांचं अपहरण करून खून झाला.) आता सर्बियात एकच माणूस उरला, आणि त्याला गर्दीचा उपयोग कळला होता.

१९८८ चा उन्हाळा आणि शरद ऋतू हा या सगळ्याचा गाभा आहे. बोरोवोचे कामगार जुलैमध्ये बेलग्रेडला आले. त्याच जुलैमध्ये कोसोवोतल्या सर्बांचा एक गट व्होय्वोदिनाची राजधानी नोवी सादला निदर्शनं करायला गेला. म्हणजे एकाच महिन्यात दोन प्रकारच्या गर्द्या: एक पगारासाठी, एक कोसोवोसाठी. आणि पुढच्या तीन महिन्यांत त्या एकमेकींत मिसळल्या.

४ ऑक्टोबर १९८८. बेलग्रेडजवळच्या राकोवित्सा या औद्योगिक भागातले हजारो कामगार संसदेसमोर आले. मागणी पगाराची होती, सरकारवर राग होता. मिलोशेविच बाहेर आले, त्यांच्याशी बोलले, देशाच्या संकटावर बोलले, आणि शेवटी सगळ्यांनी आपापल्या कामावर जावं असं सांगितलं. कामगार गेले. त्या दिवसाबद्दल बेलग्रेडमध्ये पुढे म्हटलं जायचं की ते कामगार म्हणून आले आणि सर्ब म्हणून घरी गेले. आम्हाला वाटतं, या दहा वर्षांचा इतिहास याहून थोडक्यात सांगता येणार नाही. त्यांचा पगार काही वाढला नाही. पण आपली गरिबी कोणामुळे आहे, याचं एक सोपं उत्तर त्यांना मिळालं.

दुसऱ्याच दिवशी, ५ ऑक्टोबरला, नोवी सादमध्ये मोठी गर्दी जमली. व्होय्वोदिनाचे नेते स्वायत्ततेच्या बाजूचे होते. निदर्शकांना खायला दिलेल्या दह्याच्या पुड्या त्यांनी सरकारी इमारतीवर फेकल्या, म्हणून या घटनेला ‘दह्याची क्रांती’ म्हणतात. ऐकायला विनोदी वाटतं. पण ६ तारखेला व्होय्वोदिनाच्या नेत्यांनी राजीनामे दिले, आणि एक प्रांत मिलोशेविच यांच्या हातात आला.

मग माँटेनेग्रो. राजधानी तितोग्राद, आजची पोदगोरित्सा. तिथे ऑक्टोबरमध्ये निदर्शनं झाली. निकशिचच्या पोलाद कारखान्याचे कामगार राजधानीकडे येत होते, त्यांना पोलिसांनी वाटेत अडवून मारलं. नेते टिकले, पण तीन महिनेच. जानेवारी १९८९ मध्ये पुन्हा गर्दी जमली आणि सगळं नेतृत्व गेलं. या मोहिमेला नाव मिळालं ‘नोकरशाहीविरोधी क्रांती’. हा खुर्चीला चिकटलेला साहेब कुठला, या प्रश्नाचं उत्तर आता ठरलं होतं. नोवी सादचा, तितोग्रादचा, प्रिश्तिनाचा, उद्या ल्युब्ल्यानाचा. बेलग्रेडचा मात्र नाही.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. या गर्द्या सगळ्या भाड्याच्या होत्या, असं म्हणणं सोपं आहे आणि चूक आहे. कारखान्यांनी सुट्टी दिली, बस दिल्या, खायला दिलं, हे खरं. पण निकशिचच्या माणसाची चूल खरंच विझत चालली होती. कोसोवोतल्या सर्ब शेतकऱ्याची भीतीही खोटी नव्हती. रस्त्यावर आलेल्या माणसाचं दुःख खरं असतं. त्या दुःखाला नाव कोण देतं, हा वेगळा प्रश्न आहे.

आता दुसऱ्या बाजूची गर्दी पाहू, कारण तिच्याबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं. नोव्हेंबर १९८८. कोसोवोतल्या ट्रेप्चाच्या खाणीत शिसं आणि जस्त निघायचं. बेलग्रेडच्या दबावाखाली कोसोवोचे लोकप्रिय नेते आझेम व्लासी आणि काचुशा याशारी यांना हटवायचं ठरलं. खाण कामगार पाळी संपवून थंडीत पायी निघाले, प्रिश्तिनापर्यंत. वाटेत विद्यार्थी मिळाले, गावकरी मिळाले. त्यांच्या हातात काय होतं? तितोंच्या तसबिरी, युगोस्लाव्हियाचे झेंडे. मागणी होती, १९७४ ची घटना राखा. बोरोवोच्या कामगारांच्या हातातही तेच होतं. ते दिवस चालू असतानाच, १९ नोव्हेंबरला, बेलग्रेडमध्ये प्रचंड सभा झाली. आयोजकांनी दहा लाखांचा आकडा सांगितला. तिथेही ‘बंधुता आणि एकता’ हीच घोषणा होती. एकाच देशाचे झेंडे घेऊन दोन गर्द्या एकमेकींच्या विरुद्ध उभ्या होत्या.

२० फेब्रुवारी १९८९ ला ट्रेप्चाचे तेराशेच्या आसपास कामगार खाणीच्या खोल पातळ्यांत जाऊन उपोषणाला बसले. आठवडाभर ते वर आले नाहीत. बेलग्रेडने लादलेल्या तीन नेत्यांनी जावं, एवढी त्यांची तातडीची मागणी. राजीनामे जाहीर झाले, कामगार अर्धमेले वर आले, आणि राजीनामे मागे घेतले गेले. २७ फेब्रुवारीला स्लोव्हेनियात, ल्युब्ल्यानाच्या त्सांकार सभागृहात, या कामगारांच्या पाठिंब्यासाठी सभा झाली. तिथे कम्युनिस्ट नेते मिलान कुचान आणि विरोधक एकाच व्यासपीठावर होते. ती सभा बेलग्रेडच्या टीव्हीवर दाखवली गेली आणि दुसऱ्या दिवशी बेलग्रेडच्या संसदेसमोर लाखोंचा जमाव जमला. व्लासींना अटक करा, अशी मागणी झाली. मिलोशेविच यांनी जमावाला कारवाईचं आश्वासन दिलं. दोन-तीन दिवसांत व्लासी तुरुंगात होते.

२३ मार्चला कोसोवोच्या विधानसभेला वेढा घालून रणगाडे उभे होते, आणि आत मतदान झालं. २८ मार्चला सर्बियाने घटनादुरुस्ती मंजूर केली. स्वायत्तता संपल्यात जमा झाली. कोसोवोतल्या दंगलींत सरकारी आकड्यानुसारच वीसहून जास्त माणसं मेली. आता हिशेब करा: सर्बिया, व्होय्वोदिना, कोसोवो, माँटेनेग्रो. आठांपैकी चार मतं एका माणसाच्या हातात. कोणी एकाने कुरघोडी करू नये म्हणून केलेल्या रचनेची गणितं रस्त्यावर बदलली होती. आणि ट्रेप्चाचे कामगार? पुढच्या वर्षी हजारो अल्बेनियन कामगारांबरोबर तेही कामावरून काढले गेले. त्यानंतर त्या लोकांच्या हातात तितोंची तसबीर पुन्हा दिसली नाही.

स्लोव्हेनियात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली, पण पोहोचली तिथेच. तिथे ‘म्लादिना’ नावाचं युवक साप्ताहिक लष्करावर टीका करत असे. १९८८ मध्ये त्याच्याशी संबंधित तीन पत्रकार आणि एका लष्करी हवालदारावर लष्करी गुपितं फोडल्याचा खटला चालला. लोक आले ते लेखनस्वातंत्र्यासाठी, नागरी हक्कांसाठी. समर्थनार्थ सुमारे एक लाख सह्या झाल्या, आणि स्लोव्हेनियाची लोकसंख्या तेव्हा वीस लाखही नव्हती. पण खटला चालला ल्युब्ल्यानात आणि चालवला सर्बो-क्रोएट भाषेत. आपल्याच राजधानीत, आपल्याच माणसांवर, आपली नसलेल्या भाषेत खटला. हक्कांचा प्रश्न त्या क्षणी भाषेचा झाला, आणि भाषेचा प्रश्न राष्ट्राचा. १ डिसेंबर १९८९ ला सर्ब आयोजकांनी ल्युब्ल्यानात ‘सत्याची सभा’ घ्यायचं ठरवलं. स्लोव्हेनियाने बंदी घातली. सर्बियाने स्लोव्हेनियाच्या मालावर बहिष्कार टाकला. दुकानातला फ्रीजही आता देशभक्त किंवा देशद्रोही झाला.

जानेवारी १९९० मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या चौदाव्या अधिवेशनातून स्लोव्हेनियाचे प्रतिनिधी उठून गेले, मागोमाग क्रोएशियाचे. पक्ष संपला. आणि इथे आपण पुन्हा त्या फटीपाशी येतो.

पक्ष संपल्यावर निवडणुका आल्या. १९९० च्या वसंतात स्लोव्हेनिया आणि क्रोएशियात, नोव्हेंबरमध्ये बोस्निया आणि मॅसेडोनियात, डिसेंबरमध्ये सर्बिया आणि माँटेनेग्रोत. संपूर्ण युगोस्लाव्हियाची निवडणूक? कधीच झाली नाही. एकदाही नाही. म्हणजे त्या देशाच्या नागरिकाला ‘हा देश राहावा का, आणि कसा राहावा’ असं कोणी मतपेटीत विचारलंच नाही. संघराज्याचे पंतप्रधान आन्ते मार्कोविच यांनी १ जानेवारी १९९० पासून नवा दिनार आणला. जुने दहा हजार म्हणजे नवा एक, आणि सात दिनारला एक जर्मन मार्क. १९८९ च्या अखेरीस महागाई वर्षाला हजार टक्क्यांच्या वर होती. वसंतापर्यंत ती जवळजवळ थांबली. हा माणूस देशभर लोकप्रिय होता. पण त्यांनी पक्ष काढला जुलै १९९० मध्ये, तोवर दोन प्रजासत्ताकांच्या निवडणुका होऊन गेल्या होत्या, आणि ज्या निवडणुकीत ते खरे उमेदवार झाले असते ती निवडणूक अस्तित्वातच नव्हती.

बाकीचा घटनाक्रम आपल्याला माहीत आहे. क्रोएशियात तुज्मान निवडून आले, नव्या सरकारच्या झेंड्यांनी तिथल्या सर्ब अल्पसंख्याकांना युद्धकाळ आठवला आणि बेलग्रेडने ती भीती वाढवली. ऑगस्ट १९९० मध्ये क्निन भागात रस्त्यांवर ओंडके पडले. मे १९९१ मध्ये बोरोवोला लागून असलेल्या बोरोवो सेलो या गावात क्रोएशियाचे बारा पोलीस मारले गेले. २५ जून १९९१ ला स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं.

पण आम्ही तुम्हाला आणखी तीन प्रसंग सांगून मगच थांबणार आहोत, कारण ते सहसा वगळले जातात. पहिला, ९ मार्च १९९१. बेलग्रेडमध्ये हजारो लोक मिलोशेविच यांच्याविरुद्ध, त्यांच्या टीव्हीविरुद्ध रस्त्यावर आले. एक विद्यार्थी आणि एक पोलीस मेला, आणि संध्याकाळी रणगाडे आले. गर्दीच्या जोरावर वर आलेला नेता पहिल्या विरोधी गर्दीला रणगाडा दाखवत होता.

दुसरा प्रसंग तीन दिवसांनंतरचा. लष्कराने देशभर आणीबाणी मागितली. अध्यक्षमंडळात चार मतं तयार होती, पाचवं हवं होतं. बोस्नियाचे सदस्य बोगिच बोगिचेविच हे जन्माने सर्ब. सगळ्यांना वाटलं, हे आपल्यातलेच. त्यांनी विरोधात मत दिलं. ते तिथे बोस्नियाच्या सगळ्या लोकांचे प्रतिनिधी म्हणून बसले होते, आणि तसेच वागले.

तिसरा, ५ एप्रिल १९९२, सारायेवो. हजारो लोक शांततेसाठी रस्त्यावर उतरले, सगळ्या धर्मांचे, आणि पुन्हा एकदा तितोंच्या तसबिरी घेऊन. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुलावर दोन स्त्रिया मारल्या गेल्या, एक मुस्लिम, एक क्रोएट. त्या पुलाला आज त्या दोघींची नावं आहेत: सुआदा आणि ओल्गा.

मग आपण काय म्हणायचं? लोक भडकले आणि देश तुटला, हे वाक्य आम्ही लिहिणार नाही. लोक दहा वर्षं रस्त्यावर होते आणि त्यांची पहिली मागणी जवळजवळ दर वेळी साधी होती. खानावळीतलं जेवण. पगार. लेखनाचं स्वातंत्र्य. पण या मागण्या नेऊन ठेवायला देशभराचं एकही दार नव्हतं, दारं होती ती फक्त राष्ट्रांची. प्रत्येक मागणी त्या दारातून आत गेली आणि राष्ट्राची मागणी होऊन बाहेर आली. ज्याने हे सगळ्यांत आधी ओळखलं, तो सगळ्यांत बलवान झाला. इतरांनी त्याला उत्तर द्यायला आपापल्या राष्ट्राची गर्दी उभी केली, आणि मधल्या माणसाला उभं राहायला जागा उरली नाही.

१९९१ च्या जनगणनेत वुकोवारमध्ये सुमारे ४४ टक्के क्रोएट होते, ३७ टक्के सर्ब, आणि सात टक्के लोक अजूनही ‘युगोस्लाव’ म्हणवत होते. काही महिन्यांत त्या सात टक्क्यांनाही कुठल्या तरी एका बाजूला जावंच लागलं असणार. बुटांचा कारखाना युद्धात उद्ध्वस्त झाला. पुन्हा सुरू झाला, पण वीस हजार माणसं तिथे कधी परतली नाहीत. त्यांनी बेलग्रेडच्या संसदेत जाऊन जो पगार मागितला होता, तो मात्र कोणत्याच राष्ट्राने त्यांना दिला नाही.

आपण इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.